अध्यक्ष नसलेली सभा

श्रोतेहो, व्यासपीठावर उभे राहून व्यासपीठ नसलेल्या सभेविषयी बोलायचे, हा प्रकार थोडा विपरीतच आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एकाने बोलावे आणि शेकडोंनी ऐकावे, हा शिरस्ता पुढे गावोगावी रुजला. तो वाईट नाही. नाहीतर आम्हांला आज येथे कोणी बोलावले असते? परंतु काही प्रश्न असे असतात की, त्यांचे उत्तर कोणा एका वक्त्यापाशी नसते. ते तुकड्यातुकड्यांनी सभागृहातल्या अनेकांपाशी असते. अशा प्रश्नासाठी जमलेल्या लोकांनी विषय स्वतः मांडावेत, गट स्वतः करावेत, टिपणेही स्वतः लिहावीत, अशी एक पद्धत आहे. तिचे मूळ नाव ‘ओपन स्पेस’. आपण तिला मुक्तसभा म्हणू. ती चालविणाऱ्याला आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांतून ‘सुलभक’ म्हणतात. शब्दाला सरकारी वास येतो खरा, पण अर्थ नेमका आहे. म्हणून तोच घेऊ.

पद्धतीचा जन्म मोठा गमतीचा आहे. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली २५० लोकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. तयारीत सबंध वर्ष गेले. परिषद संपल्यावर मत पडले ते असे की, सर्वांत सरस भाग म्हणजे मधल्या कॉफीच्या सुट्ट्या! दुसरा एखादा संयोजक रुसला असता. ओवेन विचारात पडले. पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियातील बालामा नावाच्या खेड्यात त्यांनी पूर्वी मुलांच्या दीक्षाविधीचा चार दिवसांचा उत्सव पाहिला होता. तेथे कोणतीही संयोजन समिती नव्हती, तरी सगळे यथास्थित पार पडत होते. ह्या दोन अनुभवांची सांगड घालून १९८५ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्यांनी पहिली मुक्तसभा घेतली. वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या आणि एक रिकामी भिंत, एवढाच संसार. ओवेन २०२४ साली निवर्तले. तोवर ही पद्धत जगभर पसरली होती.

रीत साधी आहे. वर्तुळाच्या मधोमध कागद आणि जाड पेने ठेवलेली असतात. सुलभक सभेचा मुख्य प्रश्न सांगतो, नियम सांगतो. मग ज्याला ज्या विषयाची कळकळ असेल त्याने मध्ये यायचे, कागदावर विषय आणि आपले नाव लिहायचे, मोठ्याने वाचायचे आणि वेळ व जागा ठरवून तो भिंतीवर चिकटवायचा. भिंत भरली की लोक बाजारात फिरावे तसे तिच्यासमोर फिरतात आणि आपापला गट निवडतात.

एक नियम मात्र आपल्याकडे जड जातो. त्याचे नाव ‘दोन पायांचा नियम’. जेथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे. आपल्याकडे मध्येच उठणे हा वक्त्याचा अपमान समजतात. म्हणून माणसे देहाने बसून राहतात आणि मनाने केव्हाच घरी पोचलेली असतात. (आज कोण कोण पोचले आहे, हे आम्ही विचारणार नाही.) मुक्तसभेत उठून जाणे हेच सौजन्य. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यांचा विचार करून काही ठिकाणी ह्याला ‘गतीचा नियम’ म्हणू लागले आहेत, तेही योग्यच. ह्या गटातून त्या गटात जाणाऱ्यांना ओवेन भुंगे म्हणत, कारण ते इकडचा पराग तिकडे नेतात.

आता सुलभकाकडे वळू. त्याची खरी परीक्षा फार लवकर, पहिल्या अर्ध्या तासातच होते. नियम सांगून झाले, ‘या, विषय मांडा’ असे म्हणून तो बाजूला झाला, आणि कोणी उठतच नाही. एक मिनिट जाते. ते त्याला घटकेएवढे वाटते. कोणी खाकरतो, कोणी छताकडे पाहतो. नवशिक्याच्या तोंडून येथे हमखास निघते, “बरे, सुरुवातीला मीच एक विषय सुचवतो.” झाले! त्या क्षणी सभा त्याची झाली, लोकांची राहिली नाही. मग दिवसभर प्रत्येक गोष्टीसाठी माना त्याच्याकडेच वळतात. तो गप्प राहिला तर बहुधा मागच्या रांगेतले कोणी उठते, आणि पुष्कळदा ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती असेच कोणी.

पुढेही मोह आहेतच. दोन विषय सारखे दिसले की ते एकत्र करावेसे वाटते. पण ‘पाणी कमी येते’ म्हणणारी गृहिणी आणि ‘पाण्याची गळती होते’ म्हणणारा नळकारागीर यांचे दुखणे निराळे असते. एकत्र यायचे की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. एखाद्याच्या गटात कोणीच फिरकले नाही तर दया येऊन आपण जाऊन बसावेसे वाटते. त्याला एकट्यालाच बसून लिहू द्यावे. निवांतपणी लिहिलेले टिपणही सभेच्या उपयोगी पडते. गट चालू असताना सुलभकाने रिकामे पेले उचलावेत, गळून पडलेले कागद पुन्हा चिकटवावेत. हे काम हलके वाटेल, पण गटात डोकावून ‘काय ठरले?’ विचारण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे आहे.

मात्र ज्या सभेचा निर्णय आधीच होऊन गेला आहे, तेथे ही पद्धत वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रस्त्याची आखणी कागदावर पक्की झाली आणि नंतर नागरिकांना वर्तुळात बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हटले, तर ती फसवणूक होय. लोक ती एकदा सहन करतात. पुढच्या वेळी बोलावणे आले तरी फिरकत नाहीत. म्हणून आमंत्रण स्वीकारण्यापूर्वीच सुलभकाने यजमानांना विचारावे, “निष्कर्ष तुमच्या मनाविरुद्ध निघाला तर तुम्ही काय कराल?” उत्तर गुळमुळीत आले तर नम्रपणे नकार द्यावा.

चर्चा आणि निर्णय ही दोन कामे वेगळी, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ह्या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाकडून शिकण्यासारखे आहे. त्यांची रीत ओपन स्पेसची नव्हे, त्यांची स्वतःची. अभ्यासगटात बसून विषय सोलून घ्यायचा, पण तेथे निर्णय करायचा नाही; निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. २००९ साली ह्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असल्या कामात बहुमताने हरलेले चाळीस टक्के लोक घेऊन चालणे कठीणच असते.

ज्यांना ही विद्या शिकायची असेल त्यांनी प्रथम एखाद्या मुक्तसभेत साधे सभासद म्हणून बसावे आणि एक विषय मांडून पाहावा. नंतर वीसेक माणसांची, एका दुपारची सभा घ्यावी. आमच्या पाहण्यात सोसायटीची गच्चीसुद्धा पुरते. फक्त वाऱ्याने कागद उडतात, तेव्हा चिकटपट्टी भरपूर न्यावी.