अंकांचा बिनखर्ची छंद

छंद म्हटला की खर्च आलाच, अशी एक समजूत रूढ आहे. छायाचित्रणाला कॅमेरा हवा, टेनिसला मैदान हवे. गॉल्फची साधने तर कोणी वापरलेली विकत घेतली तरी सामान्य पगारदारास ती जडच जातात. परंतु कागद व पेन्सिल एवढ्या भांडवलावर जन्मभर पुरणारा छंद असू शकतो, हे नाशिक जिल्ह्यातील देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने दाखवून दिले आहे. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस शिक्षक होते. पदवीपुढील शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शाळेचे काम सांभाळून ते अंकांशी खेळत. आपले पुष्कळसे लेखन त्यांनी लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापले. अनेक गणितज्ञांना हा उद्योग क्षुल्लक वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ सालचा आहे व तो चौथीच्या मुलासही करून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच कृती करावी. उदाहरणार्थ, १९४७ घेऊ :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केल्यास पुन्हा ६१७४ च येतात. आरंभीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येऊन ठेपतात. उत्तर तीन अंकी आले तर त्याच्या आधी शून्य मांडून ते चार अंकी करावे, हे मात्र मुलांना आरंभीच सांगावे. तिसरीच्या मुलांना तीन अंकी संख्या द्याव्यात. त्या याच रीतीने ४९५ वर येऊन थांबतात. दोन अंकी संख्या मात्र कोठेच थांबत नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात त्या फिरत राहतात. हे शिक्षकाने आधी सांगू नये, मुलांनाच ते सापडू द्यावे.

या खेळाचा उपयोग कशात आहे? हातच्याच्या वजाबाकीचा सराव मुलांना कंटाळवाणा वाटतो, आणि ज्यास ती जमत नाही ते मूल हळूहळू गणितासच भिऊ लागते. येथे तेच मूल आपण होऊन पाच-सहा वजाबाक्या करते, कारण शेवटी काय येते हे त्यास पाहावयाचे असते. शिवाय चूक शोधण्याची सोय खेळातच आहे. प्रत्येक उत्तरास ९ ने निःशेष भाग गेला पाहिजे. याचे कारणही सोपे आहे. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज म्हणजे हे उत्तर होय. आणि ९९९ व ९० या दोहोंस ९ ने भाग जातो. म्हणून उत्तरातील अंकांच्या बेरजेस ९ ने भाग जात नसेल, तर वजाबाकी चुकली असे मुलानेच ओळखावे. भाग गेला म्हणजे उत्तर बरोबरच असेल असे नव्हे. पण बहुतेक चुका अशा रीतीने उघड होतात.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांना ही गोष्ट विशेष सोयीची आहे. जेथे एकाच शिक्षकास दोन-तीन वर्ग सांभाळावे लागतात, तेथे एका वर्गाचे वाचन चालू असता दुसरा वर्ग पाट्यांवर या कामात रमतो. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी भागांतील कोलाम व गोंड मुले, तशीच पुसद-दिग्रसकडील बंजारा मुले, घरची निराळी बोली घेऊन शाळेत येतात. पाठ्यपुस्तकातील शाब्दिक उदाहरण वाचताना ती अडखळतात. अंकांच्या या खेळात मात्र भाषेचा अडसर फारच थोडा असतो.

कापरेकरांचे आणखीही खेळ आहेत. ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी संख्या म्हटले. १८ ला १ + ८ म्हणजे ९ ने भाग जातो, तसा २४ ला ६ ने. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. शंभरापर्यंतच्या हर्षद संख्या शोधणे हे मुलांना एका पावसाळी दुपारचे काम होईल.

एक पथ्य मात्र पाळावे. या खेळास गुण देऊ नयेत व तो गृहपाठ म्हणून लादू नये. सक्ती आली की छंदातला आनंद जातो. शिक्षकाने आधी स्वतः चार संध्याकाळी वही घेऊन बसावे. ज्यास स्वतःला उत्तराची उत्सुकता वाटते, त्याच्याकडून ती वर्गात आपोआप पोहोचते.