गावाच्या आरोग्याचा धनी कोण?

पावसाचे पहिले पाणी नाल्याला आले की आठवडाभरात आमच्यासारख्या डॉक्टरांकडे उलट्या-जुलाबाचे रुग्ण वाढू लागतात. एकटा-दुकटा रुग्ण आला तर शिळे अन्न, लग्नाची पंगत असे काही कारण निघते. पण एकाच गावच्या एकाच गल्लीतील चार-पाच जण एका दिवशी आले, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. अशा वेळी नातेवाइकांना विचारले, "ग्रामपंचायतीला कळवले का?" तर उत्तर ठरलेले असते: "तिथे सांगून काय होणार डॉक्टरसाहेब, तुम्ही आपले सलाईन लावा."

गरज असेल तिथे सलाईन लावावेच लागते. पण सलाईनची बाटली एका रुग्णाला सावरते, आणि गावच्या टाकीत वेळेवर पडलेली पाव किलो टी.सी.एल. पावडर सगळ्या गावाला सावरते. ती पावडर टाकणे आणि टाकली की नाही हे तपासणे, ही कोणाच्या मर्जीवरची कामे नाहीत, नेमून दिलेली कामे आहेत. ती कोणाची, हे आज पाहू.

तीन पायऱ्यांचा कारभार

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद अशा या तीन पायऱ्या. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने त्यांना राज्यघटनेचा आधार मिळाला. त्यासोबतच्या अनुसूचीत २९ विषय आहेत. पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता, कुटुंबकल्याण, महिला व बालविकास हे त्यांतलेच.

जिल्हा परिषद म्हटली की आपल्याला रस्ता आठवतो, शाळा आठवते, शिक्षकांची बदली आठवते. आरोग्य मात्र आठवत नाही. जळगाव जिल्ह्याच्या १५ आणि धुळे जिल्ह्याच्या ४ तालुक्यांतील खेड्यापाड्यांचे प्राथमिक आरोग्य तिच्याकडेच आहे. (१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याची जिल्हा परिषद स्वतंत्र आहे.)

या खात्याचे प्रमुख म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. त्यांच्या हाताखाली तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्राच्या नर्सबाई आणि आरोग्य सेवक. सपाटीच्या भागात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक केंद्र व ५,००० ला एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यासाठी हेच प्रमाण २०,००० आणि ३,००० असे आहे. अलीकडे या केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी दिसते. पाटी बदलली तरी दवाखाना तोच आहे. बाळाची लस, गरोदर मातेची तपासणी, साधी बाळंतपणे, क्षयरोग व हिवतापाचा शोध आणि साथ आटोक्यात आणणे ही त्याची मुख्य कामे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा परिषदेकडे नसतात. ते राज्य शासनाचे असून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. जळगाव व धुळे येथील मोठी सरकारी रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत. नगरपालिका व महानगरपालिकेच्या हद्दीतील पाणी आणि सफाई त्या त्या पालिकेकडे. तक्रार चुकीच्या दारी गेली की अर्ज फिरत राहतो आणि साथ पसरत राहते.

पाण्याची जबाबदारी

गावाला शुद्ध पाणी देणे हे ग्रामपंचायतीचे काम. ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो ते अधिकारी आणि पावडर टाकणारा जलसुरक्षक यांनी ते रोज करायचे असते. साधारण हिशेब असा: १,००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टी.सी.एल., म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी टाकीत सोडावी आणि किमान अर्ध्या तासाने नळ सोडावेत. पोते ओल्या जागी उघडे राहिले की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग ती टाकली काय आणि न टाकली काय, सारखेच.

आरोग्य सेवकाजवळ ओ.टी. नावाचे औषध असते. त्याचे थेंब पाण्यात टाकल्यावर पिवळी छटा आली, तर पाण्यात क्लोरीन आहे असे समजावे. ही तपासणी टाकीजवळच्या नळावर न करता पाइपाच्या शेवटच्या घरी करायला सांगा. कारण गटारीतून गेलेला पाइप फुटला असेल तर त्याची लागण शेवटच्या घरांना होते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर गावच्या पाणीस्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

साथ आली तर

एका वस्तीत एका दिवशी दोन-तीन जणांना जुलाब सुरू झाले की आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. सरपंचांनाही सांगा. पाणी उकळून प्या. फडक्याने गाळल्याने गाळ जातो, जंतू जात नाहीत. जुलाब होणाऱ्याला क्षारसंजीवनी द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला (चमचा चहाचा). बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा शौचातून रक्त पडले, तर थांबू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२ क्रमांक आहे.

आता एक आक्षेप ऐकू येतो, की सदस्यच नसतील तर विचारायचे कोणाला? जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत २०२२ साली संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांनी केला. पण सदस्य नसले तरी आरोग्य अधिकारी आणि कर्मचारी जागेवर असतात, आणि ग्रामसभा तर तुमची स्वतःचीच असते. तिथे घरकुलाच्या यादीवरून तासभर भांडण होते, पण पाण्याचा प्रश्न कोणी काढत नाही. येत्या ग्रामसभेत तीनच गोष्टी विचारा: पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल काय आला, पावडर किती शिल्लक आहे, आणि नर्सबाई गावात कोणत्या दिवशी येतात. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. लेखी आले की काम हलते.