स्वयंपाकघरातील चिमणी : कारागिराची निवड कशी करावी?

भोपाळ येथे १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना झाली आणि कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती आकारास आल्या. १९७४ साली हा उपक्रम ‘भेल’मध्ये विलीन झाला. त्या काळातील स्वयंपाकघरे विजेवर चालणारी चिमणी गृहीत धरून बांधलेली नव्हती. साहजिकच अशा घरांत चिमणी बसविताना भिंत फोडणे, नळी बाहेर काढणे आणि स्वतंत्र वीजजोडणी देणे ही तिन्ही कामे नव्याने करावी लागतात.

गॅस आला म्हणजे धूर संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. फोडणी व तळण यांतून निघणारी तेलकट वाफ आरोग्यास अपायकारक असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात उच्च तापमानावरील तळणातून निघणारे धूम्र ‘संभाव्य कर्ककारक’ या वर्गात घातले आहेत. मात्र चिमणी कितीही महाग असली, तरी ती चुकीच्या रीतीने बसविल्यास धूर घरातच राहतो. म्हणूनच यंत्राइतकीच कारागिराची निवडही काळजीपूर्वक करावयास हवी.

काम देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पहिला प्रश्न असा : धूर कोठे सोडणार? चांगला कारागीर घर पाहिल्याशिवाय याचे उत्तर देत नाही. नळी शक्य तितकी आखूड, कमीत कमी वळणांची व थेट मोकळ्या हवेत उघडणारी असावी. यंत्राचे तोंड १५० मि.मी.चे असेल, तर पुढे अरुंद नळी जोडू देऊ नये. भिंतीतील छिद्रास बाहेरच्या बाजूस किंचित उतार असावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. नळीविना चालणारी चिमणी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते. तिच्यामुळे वाफ व कार्बन मोनॉक्साईड बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न उंचीचा. शेगडी व चिमणी यांतील अंतर साधारणतः ६५ ते ७५ सें.मी. असते, तथापि यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले अंतरच प्रमाण मानावे.

तिसरा प्रश्न : आत येणाऱ्या हवेची सोय काय? खिडक्या बंद असताना चिमणी घरातील हवा ओढून घेते. अशा वेळी गॅस गीझरचा विषारी वायू घरात उलटा फिरण्याचा धोका असतो. हा धोका आपण होऊन सांगणारा कारागीर जाणकार समजावा.

परवाना व पावती

नवीन वीजजोडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे. आयटीआयमधील विद्युतकार व्यवसायाचे प्रमाणपत्र हे प्रशिक्षणाचे गमक होय. तो परवाना नव्हे. अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट अनिवार्य समजावे. घर कंपनीचे वा भाड्याचे असल्यास भिंत फोडण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

‘बसवणी मोफत’ या शब्दांत नळी, छिद्र व वायरिंग यांचा खर्च पुष्कळदा समाविष्ट नसतो. सबब कोणते काम कोण व किती रकमेत करणार, हे आधी लिहून घ्यावे आणि रकमेची पावती जपून ठेवावी. सेवेत त्रुटी राहिल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ असा आहे.

अखेरची चाचणी

पूर्ण रक्कम देण्यापूर्वी चिमणी सुरू करून शेगडीजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ वर खेचला जावा व बाहेरील झडप उघडलेली दिसावी. कारागिराने जाळी काढून ती कशी धुवावयाची, हेही घरातील सर्वांना दाखवावे.

खेड्यातील निर्धूर चुलीचा अनुभवही याहून निराळा नाही. धुरांडे चुकले की चूल कितीही सुधारित असो, धूर घरातच कोंडतो आणि त्याचा त्रास स्वयंपाक करणाऱ्यांना सोसावा लागतो. यास्तव थोडी चौकशी व थोडा विलंब पत्करून योग्य हातांतच हे काम सोपवावे.