टप्पा ओलांडताना : सत्कार नेमका कशाचा?

आपल्या शाळेत चौथी, सातवी आणि दहावी हे टप्पे ओलांडणाऱ्या मुलांचा सत्कार होतो, तेव्हा त्यांच्या हाती गुणपत्रिका नसते. त्रिशरण-पंचशील झाल्यावर एकेक मूल पुढे येते, वर्षभर स्वतः निवडून केलेले एक काम टेबलावर ठेवते आणि त्याविषयी चार शब्द बोलते. हे पाहून काही पालक आम्हांस दरवर्षी विचारतात, "सर, पहिला-दुसरा नंबर का जाहीर करीत नाही? हे तक्ते आणि वह्या कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. इतिहासाचे शिक्षक या नात्याने त्याचे उत्तर आम्ही एका जुन्या सभेपासून सुरू करतो.

ही सभा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत समाजाने मुंबईत त्यांचा जाहीर सत्कार केला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेले स्वतःचे गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. चरित्रकार सांगतात की, हा सत्कार १९०७ सालच्या मॅट्रिकच्या यशाबद्दल होता आणि सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते. परंतु खुद्द बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली, तीत प्रसंग इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्याचा दिला आहे आणि अध्यक्ष म्हणून केळुसकरांचेच नाव आहे. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, म्हणून ती पुष्कळांच्या वाचनात नसते. दोन्ही नोंदींतील तफावत अभ्यासकांनी सोडवावी. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या प्रस्तावनेतील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची आहे.

सभेची परवानगी मागण्यास मंडळी सुभेदार रामजींकडे गेली, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. अशाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, आणि शेवटी त्याने एक परीक्षा पास होण्यापलीकडे केले तरी काय, असा त्यांचा आक्षेप होता. मंडळी हिरमुसली, पण हटली नाही. केळुसकर रामजींचे स्नेही होते. त्यांनी मध्यस्थी केली, थोडा वाद झाला आणि रामजींनी संमती दिली. इतर समाजांतील शिक्षणाची स्थिती पाहता हा काही सोहळा करण्याचा प्रसंग नव्हता, अशी कबुलीही बाबासाहेब तेथेच देतात. तरीही समाजातला पहिलाच मुलगा त्या पायरीवर पोहोचला होता आणि लोकांना ती उंची थोर वाटली.

या प्रसंगात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. समाजाला आनंद साजरा करण्याचा हक्क होता. ज्यांच्या घरात पाटी आलीच नव्हती, त्यांना चौथीदेखील गड चढण्यासारखी होती. आणि रामजींचा आक्षेपही खोटा नव्हता. त्यातच मॅट्रिकचे गुण ध्यानात घ्यावेत. चरित्रकारांनी ते ७५० पैकी २८२ असे नोंदवले आहेत. आजच्या हिशेबाने हे अडतीस टक्क्यांच्या आतच भरतात. एवढ्या गुणांच्या मुलाला आज कोणत्या संस्थेचा पाहुणा हार घालील? केळुसकर गुरुजींनी गुणांकडे पाहिले नव्हते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी नित्य वाचीत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला होता, आणि त्या वाचनाला साजेशी भेट त्यांनी निवडली. त्या पुस्तकाची वाट पुढे कोठवर गेली, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको.

रामजींच्या प्रश्नाला उत्तर देता यावे, म्हणून मुलाने परीक्षेपलीकडे काही तरी केलेले असावे, हा आमच्या प्रकल्पांमागील विचार आहे. विद्यार्थ्याचे काम किती दूर पोहोचते, याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव-सावित्रीमाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मधून दोन भागांत प्रसिद्ध झाला. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसे, हे तिने पाहिलेले लिहिले. ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा बिनतोड सवालही विचारला. तिला परीक्षेत किती गुण होते, हे कोणी विचारीत नाही.

अलीकडे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळांतून प्राथमिक टप्प्याच्या अखेरीस प्रदर्शन आणि माध्यमिक टप्प्याच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याचा 'पर्सनल प्रोजेक्ट' असतो. विषय मुलाने निवडायचा, कामाची रोजनिशी ठेवायची, शेवटी अहवाल लिहायचा. या शाळांची फी आपल्या पालकांच्या आवाक्याबाहेरची असली, तरी विचार कोणाच्या मालकीचा नसतो, आणि त्याला खर्चही लागत नाही. शंभर पानी वही पुरते.

वसतिगृहातील चौथीच्या एका मुलाने गळक्या नळाखाली बादली ठेवली आणि ती किती तासांत भरते, याची आठवडाभर नोंद केली. (तो नळ आम्ही मोठ्यांनी तीनदा सांगूनही दुरुस्त झाला नव्हता, वही भिंतीवर लागल्यावर दोन दिवसांत झाला.) सातवीतील एका मुलीचे वडील डोंगरकडेच्या दगडखाणीत काम करीत. तिने पहार, घण, छिन्नी, सुरुंग अशा शब्दांची यादी केली आणि प्रत्येकापुढे वडिलांनी सांगितलेला वापर लिहिला. समारंभाच्या दिवशी वडील मागच्या रांगेत बसले होते. एक शब्द तिने चुकीचा सांगितला, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि त्यांनी तो दुरुस्त केला. सभागृहाने त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे आज आम्हांस आठवत नाहीत.

टप्प्यांवरच भर का, असेही विचारले जाते. कारण मुले टप्प्यांवरच गळतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कवच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतच आहे. पुढे नववीत पाऊल टाकायचे की पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागायचे, हा प्रश्न आपल्या कितीतरी घरांत त्याच वर्षी उभा राहतो. मुलींच्या बाबतीत तो आणखी लवकर येतो. सातवीच्या समारंभास पालकांनी रोजंदारी बुडवूनही यावे, असा आग्रह आम्ही धरतो, तो यासाठी. मुलाच्या कामाकडे बापाने एकदा नीट पाहिले, तर शाळा सोडविण्याचा निर्णय थोडा तरी अवघड होतो. प्रत्येक वेळी तो टळतोच, असे मात्र नाही. ज्यांची वही कपाटात राहिली आणि जे परत आले नाहीत, अशी मुलेही आम्हांस ठाऊक आहेत.

दोष आमच्या पद्धतीतही आहेत. स्टेशनरीच्या दुकानातून तयार तक्ते आणले जातात, ताईदादा वही लिहून देतात. यावर उपाय एकच सापडला : मुलाला उभे करून दोन प्रश्न विचारणे. स्वतः केलेले काम मूल अडखळत का होईना, सांगते.

समारंभाच्या शेवटी केळुसकर गुरुजींच्या स्मरणार्थ प्रत्येकास त्याच्या कामाशी नाते असलेले एक पुस्तक दिले जाते. ही पुस्तके निवडण्यास आम्हांस महिना लागतो. ज्या माजी विद्यार्थ्यांपाशी आपली जुनी प्रकल्पवही असेल, त्यांनी ती शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावी. तिथे एक कपाट त्यासाठी मोकळे केले आहे.