टू-स्ट्रोकचं दुखणं : भाग 9
उतारावर पकडलेला पिस्टन

क्रँकच्या ऑइल सीलचं या आठवड्यात सांगेन म्हणालो होतो. ते पुढच्या रविवारी. कारण पेठ रोडवरच्या एका वाचकाने वर्तमानपत्रात गुंडाळून एक पिस्टन आणून दिला आणि चार दिवस तो माझ्या टेबलावरून हललेला नाही.

गाडी आरएक्स शंभर. मडगार्ड उचललेलं, मागे गुठळ्यांचा टायर, सुट्टीच्या दिवशी पेठ-हर्सूलकडच्या मुरमाड वाटांवर पळणारी. सावळघाट उतरताना, थ्रॉटल पूर्ण बंद असताना, मागचं चाक एकदम अडकलं. मिस्त्रीने बोर करून 0.25चा पिस्टन टाकला. महिन्याभरात उतारावरच पुन्हा तेच. वाचक विचारतात, ‘चढाला काही झालं नाही. उताराला तर इंजिनवर भारच नव्हता, मग पकडलं कसं?’

प्रश्न मला फार आवडला. उत्तर पिस्टनवरच लिहिलेलं आहे.

आधी माथा पाहिला. बाण एक्झॉस्टकडे, रंग तपकिरी. कडेला वाळूने खरवडल्यासारखे बारीक खड्डे नाहीत, म्हणजे नॉकिंग नव्हतं. मधोमध वितळल्याची खूण नाही. मग बाजू पाहिल्या. धूळ गेली असती तर इनटेककडची बाजू मळकट राखाडी होऊन उभ्या बारीक रेघांनी झिजली असती. फिल्टरचा फोम फाटका असला की हमखास तसं होतं. गार इंजिन लगेच पिळलं असतं तर ओरखडे चार ठिकाणी मोजके दिसले असते, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा लवकर तापतो आणि फुगतोही बराच जास्त. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं असतं, तर बहुधा फक्त एक्झॉस्टची बाजू खरवडली असती. तीच सगळ्यात गरम.

इथे मात्र चहूबाजूंनी ओरखडे, ॲल्युमिनियम पसरून रिंग खाचेत चिकटलेली. हा ऑइलचा दुष्काळ.

फोन करून विचारलं, ऑइल पंपाचं काय केलंय? उत्तर आलं, ‘काढून टाकलाय. पेट्रोलमध्येच लिटरला 40 मिली टाकतो.’

मात्रा चांगली आहे, 25ला 1. पण ते ऑइल पेट्रोलबरोबरच आत येतं. घाटात थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की चाक इंजिनाला पाच-सहा हजार आरपीएमवर फिरवत राहतं आणि कार्बोरेटरमधून जेमतेम आयडलपुरतं पेट्रोल जातं. ऑइलही तेवढंच. भार नसला तरी घर्षण आहे. चढाला ऑइल भरपूर मिळत होतं, म्हणून तिथे काही झालं नाही. यामाहाचा मूळ पंप थ्रॉटलबरोबर इंजिनच्या फेऱ्यांवरही चालतो. मूठ बंद असली तरी थोडं ऑइल देत राहतो. पंपाची भीती वाटते म्हणून तो काढणारे नाशकात मी कितीतरी पाहिलेत. भीती खोटी नाही, पंप बिघडतो. पण बिघडलेला पंप दुरुस्त होतो.

हा धडा मी कसारा घाटात शिकलो. येझदी होती, तिच्यात पंप नव्हता, ऑइल पेट्रोलमध्येच. पेट्रोल वाचवायला मूठ बंद ठेवून उतरत होतो. चाक कचकन अडकलं तेव्हा क्लच दाबायचं सुचलं, म्हणून पडलो नाही. चूक माझ्या चालवण्याची होती. तेव्हापासून पंप नसलेली कोणतीही टू-स्ट्रोक उताराला नेली की दर थोड्या वेळाने मूठ क्षणभर उघडतो. इंजिन पकडतंय असं वाटलं तर आधी क्लच. मग अर्धा तास सावलीत, किक न मारता.

वाचकमित्रा, आता 0.50चा पिस्टन टाकशील. त्याआधी पंप आणि त्याची केबल परत बसव, नळीतली हवा काढ. ते झाल्यावरच सिलिंडर लेथवाल्याकडे ने.