‘बेस्ट’ म्हणजे नेहमीच उत्तम नव्हे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसाहतीतील एक कामगार बांधव संध्याकाळी कामावरून येताना पेढे घेऊन आले. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी इंग्रजीत शेरा लिहिला होता आणि त्यातला ‘बेस्ट’ एवढा शब्द त्यांना वाचता आला होता. आम्ही पेढा तोंडात टाकला आणि प्रगतिपुस्तक हातात घेतले. शेरा होता, ‘ही इज ॲट बेस्ट ॲन ॲव्हरेज स्टुडंट.’ म्हणजे, फार तर त्याला मध्यम विद्यार्थी म्हणता येईल! त्या दिवशी खरे सांगण्याचा आम्हाला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितले. ते एवढेच म्हणाले, “दादा, मग तो शब्द तिथं घातला कशाला?”

प्रश्न रास्त होता. हा शब्द आपल्या इतका ओळखीचा आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटतच नाही. चहा ‘बेष्ट’ होतो, लग्नातले जेवण ‘बेष्ट’ असते. मुंबईच्या कष्टकऱ्याला तर तो रोज बसवर दिसतो. अर्थात ती आद्याक्षरे आहेत. १९०५ साली निघालेल्या वीज व ट्राम कंपनीच्या इंग्रजी नावातली ती अक्षरे. १९४७ साली ती महापालिकेकडे आली तेव्हा ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ झाले, पण अक्षरे तीच राहिली.

व्याकरणात ‘गुड, बेटर, बेस्ट’ हा तरतमभाव आपण शाळेत घोकलेला असतो. ‘गुड’चे ‘गुडर’ का होत नाही? कारण ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ हे मुळात दुसऱ्याच एका जुन्या धातूचे शब्द आहेत आणि ते ‘गुड’च्या घरात राहायला आले आहेत. ‘वेल’ या क्रियाविशेषणानेही त्यांनाच घरात घेतले. ‘शी सिंग्ज बेस्ट’, ती सर्वांत छान गाते.

मराठीत शब्दाचे रूप बदलत नाही. आपण ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ लावून काम भागवतो. म्हणूनच आपली मुले ‘मोस्ट बेस्ट’ लिहितात आणि गुण घालवतात. ‘बेस्ट’मध्ये ‘सर्वांत’ आधीच आलेले आहे. पण हसू नका, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणताना आपणही तेच करतो. श्रेष्ठ, ज्येष्ठ, वरिष्ठ, कनिष्ठ यांतला ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच प्राचीन भाषेतून आलेले भाऊ आहेत. पालीत ‘श्रेष्ठ’चे ‘सेट्ठ’ झाले. श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा ‘सेट्ठी’ होता आणि आजचा ‘शेठ’ही तिथूनच आला. आम्ही नोकरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. म्हणजे शब्दशः सर्वांत लहान. पण कचेरीत असे सर्वांत लहान आठ जण होते!

परीक्षेला बसणाऱ्यांनी दोन जागा सांभाळाव्यात. ‘शी इज द बेस्ट प्लेअर’ यात ‘द’ हवाच. पण ‘माय बेस्ट फ्रेंड’मध्ये ‘द’ नको, कारण त्या खुर्चीवर ‘माय’ आधीच बसला आहे. दुसरी चूक पदवीधरही करतात. ‘वन ऑफ द बेस्ट स्टुडंट’ लिहितात. आपण ‘उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ म्हणतो तसे तिथेही अनेकवचनच, ‘स्टुडंट्स’.

वाक्प्रचारांत मात्र हा शब्द फसवतो. ‘डू युवर बेस्ट’ म्हणजे सर्वांत चांगले करून दाखव असे नव्हे, तुझ्याकडून होईल तेवढे कर. ‘मेक द बेस्ट ऑफ इट’ म्हणजे परिस्थिती वाईट आहे खरी, पण आहे त्यात भागव. ख्रिस्ती लग्नातला ‘बेस्ट मॅन’ हा नवरदेव नसतो, तो त्याचा पाठराखा. ‘यू हॅड बेस्ट गो’ यातले ‘हॅड’ दिसायला भूतकाळी असले तरी सल्ला आत्ताचा आहे, तू निघावेस हे बरे. आणि क्रियापद म्हणून ‘बेस्ट’ वापरले तर अर्थ होतो हरवणे. गंमत अशी की ‘वर्स्ट’ हेही क्रियापद आहे आणि त्याचाही अर्थ हरवणे असाच!

आमच्या ध्यानात आले ते असे की, पुष्कळ ठिकाणी ‘बेस्ट’ स्तुती करत नाही, हद्द दाखवतो. इथपर्यंत, याच्या पुढे नाही. ‘ॲट बेस्ट’ हे त्यातलेच.

हे कळणे घरातल्या कागदांसाठी फार गरजेचे आहे. प्रतिज्ञापत्राच्या शेवटी ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ ‘मला उत्तम ज्ञान आहे’ असा एका भगिनीने लावला आणि त्या सही करायला घाबरल्या. खरा अर्थ, माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे हे खरे आहे. सगळे काही ठाऊक असल्याचा दावा त्यात नाही. मात्र खोटे आहे हे माहीत असून सही केली, तर हे शब्द वाचवत नाहीत.

तसेच खाण्याच्या पाकिटावरचे ‘बेस्ट बिफोर’. त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा नीट राहील, असे ते सांगते. नंतर तो माल विषारीच होतो असे नाही. पण ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ची तारीख उलटली असेल तर ते पाकीट कितीही स्वस्त मिळाले तरी मुलांना देऊ नका. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ही दुसरी तारीखच सक्तीची केली आहे. ‘बेस्ट बिफोर’ छापणे कंपनीच्या मर्जीवर आहे.

पेढेवाल्या बांधवांनी पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकली, शाळेत गेले आणि मुलगा कशात कमी पडतो हे बाईंना विचारून आले. गणितात, असे उत्तर मिळाले. तेव्हापासून ते वर्षभर मुलगा दर रविवारी सकाळी वही घेऊन आमच्या दारात हजर असे. अपूर्णांकांपासून सुरुवात केली.