निष्ठा आणि तिजोरी

पस्तिशीच्या घरात पोचलेल्या एखाद्या नामांकित फुटबॉलपटूने वेतनातील मोठी कपात पत्करून आपल्या जुन्याच संघात राहण्याचे ठरविले, अशा आशयाच्या बातम्या गेली काही वर्षे युरोपातून वरचेवर येत आहेत. अशी बातमी आली की तिचे स्वागतही ठराविक पद्धतीने होते. खेळाडूच्या निष्ठेचे गोडवे गाइले जातात, पैशामागे धावणाऱ्या तरुण खेळाडूंना त्याचा दाखला दिला जातो आणि चार दिवसांत सारे विसरले जाते. खेळाच्या पानावरचा हा विषय पहिल्या पानावर आणण्याचे प्रयोजन काय, असे आमचे काही वाचक विचारतील. प्रयोजन एवढेच की, या गुणगानाच्या गर्दीत एक प्रश्न दरवेळी विचारावयाचा राहून जातो. ज्या तिजोरीसाठी जुन्या सेवकाने आपल्या ताटातला घास काढून द्यावयाचा, ती तिजोरी रिकामी केली कोणी?

बार्सिलोना क्लब आणि लिओनेल मेस्सी यांच्या प्रकरणात हा प्रश्न जितका उघडा पडला तितका तो क्वचितच पडला असेल. अर्जेंटिनातील रोसारिओ गावचा हा मुलगा तेराव्या वर्षी स्पेनमध्ये आला. त्याची वाढ खुंटली होती आणि औषधोपचार खर्चाचे होते. तो खर्च क्लबने अंगावर घेतला. १४ डिसेंबर २००० रोजी क्लबच्या एका अधिकाऱ्याने हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून हात पुसण्याच्या कागदी रुमालावर त्याला घेण्याचे वचन लिहून दिले. (तो रुमाल २०२४ साली लंडनच्या एका लिलावगृहाने ७ लाख ६२ हजार पौंडांना विकला. वचनाचा कागद वचनापेक्षा महाग ठरण्याचे असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.) त्यानंतर मेस्सी या क्लबसाठी ७७८ सामने खेळला, त्याने ६७२ गोल केले आणि ३५ विजेतेपदांत त्याचा वाटा राहिला. ३० जून २०२१ रोजी त्याचा करार संपला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. निम्म्या वेतनावर राहण्यास तो तयार झाला, बोलणी पुरी झाली, आणि ५ ऑगस्ट रोजी क्लबने जाहीर केले की आर्थिक व नियमविषयक अडचणींमुळे हा करार होऊ शकत नाही.

निम्मे वेतन म्हणजे किती, हा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस माद्रिदच्या एका दैनिकाने मेस्सीचा २०१७ चा करार छापला. त्यात चार वर्षांसाठी कर धरून जास्तीत जास्त ५५ कोटी ५० लाख युरोंची तरतूद होती. त्याचे निम्मे केले तरी त्या आकड्यापुढे आपल्याकडील सुस्थित माणसाचेही डोळे फिरतील. म्हणून त्याच्या कपातीला त्याग हा शब्द लावताना आमची लेखणी थोडी अडखळते. शिवाय आदल्याच वर्षी, बायर्न म्युनिककडून ८-२ असा दारुण पराभव झाल्यावर, त्याने रीतसर लेखी नोटीस धाडून क्लब सोडण्याची इच्छा कळविली होती. क्लबने ७० कोटी युरोंच्या भरपाईचे कलम पुढे केले, आणि ज्या संस्थेने आपल्याला वाढविले तिला न्यायालयात खेचावयाचे नाही म्हणून तो थांबला. म्हणजे ही काही संतचरित्रातली निष्ठा नव्हे. राग, हिशेब, कुटुंबाची सोय आणि ममत्व या साऱ्यांनी मिळून बनलेली, तुमच्या आमच्यासारखीच ती निष्ठा होती. आम्हाला ती त्यामुळेच अधिक खरी वाटते.

आता तिजोरीकडे वळू. बार्सिलोना ही कोणा धनिकाची मालमत्ता नव्हे. एक लाखाहून अधिक सभासद तिचे मालक आहेत, ते मतदानाने अध्यक्ष निवडतात, आणि आपण निव्वळ क्लब नसून त्याहून अधिक काही आहोत, हे तिचे अभिमानाचे बोधवाक्य आहे. २०१७ साली नेमार हा खेळाडू पॅरिसला गेला तेव्हा या संस्थेला २२ कोटी २० लाख युरो मिळाले. एवढी रक्कम एकदम हाती आली की शहाण्या घरातही मती फिरते. देम्बेले, कुतिन्यो आणि दोन वर्षांनी ग्रीझमन या तिघांच्या खरेदीत त्या रकमेहून कितीतरी अधिक पैसा गेला, आणि तिघांपैकी एकालाही नेमारची जागा घेता आली नाही. खेळाडूंच्या वेतनाचा बोजा फुगत गेला. मग २०२० मध्ये करोनाची साथ आली, मैदाने ओस पडली आणि तिकिटांचे, संग्रहालयाचे उत्पन्न आटले. साथीचा दोष कोणाच्याच माथी मारता येणार नाही; पण साथ आली तेव्हा घरात धान्याचा दाणा शिल्लक नव्हता, याचा दोष कोणाकडे तरी जातोच. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष बार्तोमेऊ यांच्या मंडळाने चार खेळाडूंशी दीर्घ मुदतीचे नवे करार केले, आणि त्यानंतर आठवड्याभरात त्या मंडळाने राजीनामा दिला. मार्च २०२१ मध्ये निवडून आलेले लापोर्ता यांनी ऑगस्टमध्ये कर्जाचा आकडा जाहीर केला: १३५ कोटी युरो.

मेस्सीचा २०१७ चा करारही याच उधळपट्टीचा भाग नव्हता काय? होता, असे आम्ही म्हणतो. परंतु मागणारा मागतो; देणाऱ्याने तिजोरीत डोकावून पाहावयाचे असते. सही दोघांची असली तरी जमाखर्चाची वही एकाच्याच हाती असते.

निम्मे वेतनही पेलवू नये याचे कारण स्पॅनिश लीगच्या नियमांत आहे. प्रत्येक क्लबने खेळाडूंवर किती खर्च करावा याची मर्यादा ही लीग २०१३ पासून त्याच्या उत्पन्नावरून ठरविते. २०१९-२० च्या हंगामात बार्सिलोनाची मर्यादा ६७ कोटी युरोंची होती. २०२१-२२ साठी ती १० कोटींच्याही खाली आली. मर्यादा ओलांडलेल्या क्लबने चार युरो वाचविले तर त्यातला एकच नव्या करारावर खर्चावा, असा तेव्हा दंडक होता. आणि जुना करार संपलेला मेस्सी कागदोपत्री नवाच खेळाडू ठरत होता! मेस्सीला धरून वेतनाचा खर्च उत्पन्नाच्या ११० टक्के होतो आणि त्याला वगळूनही ९५ टक्के उरतो, असे लापोर्ता यांनी सांगितले. लीगने त्याच आठवड्यात एका गुंतवणूक कंपनीशी करार करून क्लबांना पैसा उपलब्ध करून देण्याची योजना मांडली होती. प्रक्षेपणाचे हक्क पन्नास वर्षे गहाण टाकावयाचे नाहीत, असे सांगून लापोर्ता यांनी ती नाकारली. त्या दिवशी हे उत्तर ताठ कण्याचे वाटले.

८ ऑगस्ट रोजी मेस्सी निरोप घेण्यास उभा राहिला तो मैदानात नव्हे, सभागृहात. बोलण्याआधीच त्याला रडू फुटले. आपण वेतन निम्म्यावर आणले होते आणि त्यापलीकडे कोणी काही मागितले नाही, असे त्याने सांगितले. दोन दिवसांनी तो पॅरिसच्या क्लबचा झाला. त्यानंतर आठवडाभरात हंगामाचा पहिला सामना होता आणि नव्याने आणलेल्या खेळाडूंची नोंदणीही याच मर्यादेपायी अडली होती. तेव्हा मेस्सीच्याच वयाच्या जेरार्ड पिके याने आपल्या वेतनात मोठी कपात मान्य केली आणि त्यातून मेंफिस डिपाय व एरिक गार्सिया यांची नोंदणी झाली. १५ ऑगस्टच्या त्या सामन्यात डिपायने मारलेल्या फ्री किकवर पिकेनेच डोक्याने पहिला गोल केला. पुढे बुस्केट्स, आल्बा, सेर्जी रोबेर्तो यांनीही कपात स्वीकारली. त्याआधी मार्च २०२० मध्ये याच खेळाडूंनी ७० टक्के वेतन सोडले होते, आणि क्लबच्या इतर नोकरांचा पगार पुरा व्हावा म्हणून वर आणखी भर घातली होती. हे जाहीर करताना मेस्सीने एक तक्रार नोंदविली. आम्ही देणारच होतो. तरी क्लबच्या आतूनच आमच्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न व्हावा याचे आश्चर्य वाटते, असा तिचा आशय होता.

या तक्रारीत साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, असे आम्हाला वाटते. त्याग मागण्याचा अधिकार कोणाला? महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नवी नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षांच्या सेवेची शपथ घेतली. गोपाळ कृष्ण गोखले दरमहा ७५ रुपयांवर शिकवीत राहिले. सभासदांनी बाहेरची प्राप्ती करावी की नाही, या त्यागाच्या काटेकोरपणावरूनच वाद विकोपाला जाऊन टिळक १८९० मध्ये संस्थेबाहेर पडले. परंतु तेथे अल्प वेतन घेणारे आणि संस्था चालविणारे एकच होते. वर्गात खडू धरणारा हातच वहीत जमाखर्च लिहीत होता. हे नाते तुटले की त्यागाला खंडणीचा वास येऊ लागतो. आम्ही स्वतः काही वर्षे मास्तरकी केली आहे. पगारपत्रकावर पुऱ्या रकमेपुढे सही करून हातात कमी घ्यावयाचे, आणि त्याच संध्याकाळी संमेलनात शिक्षकांच्या निःस्वार्थ सेवेवर चिटणिसांचे भाषण ऐकावयाचे, हा अनुभव आमच्या पिढीतल्या पुष्कळ शिक्षकांना सांगता येईल. संस्थेवर आमचे प्रेम नव्हते असे नाही. प्रेम होते म्हणूनच तर सही होत होती.

युरोपातील इतर क्लबांतही हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसते. इटलीच्या युव्हेंटसचा देल पिएरो याने २०११ साली कोऱ्या करारावरही सही करण्याची तयारी दाखविली, वर्षभराचा करार केला, आणि त्याचे हे शेवटचे वर्ष असल्याचे अध्यक्षांनी ऑक्टोबरात भागधारकांच्या सभेत परस्पर सांगून टाकले. रेआल माद्रिदच्या सेर्जिओ रामोसला २०२१ मध्ये कमी वेतनावर एका वर्षाचा करार देऊ करण्यात आला होता. त्याला दोन वर्षे हवी होती. अखेर एक वर्ष मान्य केल्यावर, देकाराची मुदत टळून गेली, असे उत्तर त्याला मिळाले. अशी मुदत असल्याचे मला कोणी कळविलेच नव्हते, असे तो निरोपाच्या वेळी म्हणाला. सोळा हंगामांच्या नोकरीनंतर!

बार्सिलोनाची पुढची हकीकत आणखी बोलकी आहे. मेस्सी गेल्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच, २०२२ च्या उन्हाळ्यात, त्याच लापोर्ता यांनी लीगच्या प्रक्षेपण उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी एका अमेरिकन कंपनीला विकला. पन्नास वर्षांचे गहाण नको म्हणून जुना माणूस गमावला, आणि पंचवीस वर्षांची विक्री करून नवी माणसे आणली. त्या नव्या माणसांतला सर्वांत नामवंत लेव्हान्डोव्स्की हा मेस्सी जाताना होता तेवढ्याच वयाच्या उंबरठ्यावर होता. त्याने गोल भरपूर केले आणि २०२३ चे विजेतेपदही मिळवून दिले; त्याच्याविषयी आमची काही तक्रार नाही. पण २०२१ मध्ये जे अशक्य म्हणून सांगितले गेले ते खरोखर किती अशक्य होते, हा प्रश्न सभासदांनी आपल्या मंडळाला विचारावयास हवा होता. करोनाच्या काळात पुढे ढकललेले मेस्सीचे वेतन तो गेल्यावरही क्लब हप्त्यांनी फेडीत होता.

जून २०२३ मध्ये मेस्सीला परत आणण्याची बोलणी निघाली. तो गेला अमेरिकेतील मायामीला. आपल्याला घेण्यासाठी काही खेळाडूंना विकावे लागेल किंवा इतरांचे पगार कमी करावे लागतील असे कानावर आले, आणि त्याला आपण कारण व्हावे हे आपल्याला नको होते, असे त्याने स्पॅनिश पत्रकारांना सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एका रात्री तो नव्याने बांधल्या जाणाऱ्या काम्प नाऊ मैदानावर कोणालाही न कळविता जाऊन उभा राहिला. खेळाडू म्हणून जो निरोप आपल्याला घेता आला नाही तो घेण्यासाठी, आणि निव्वळ तेवढ्यासाठी नव्हे, एक दिवस येथे परत यावे अशी आशा त्याने त्या छायाचित्रांखाली लिहिली. प्रेक्षकांच्या खुर्च्या त्या वेळी रिकाम्या होत्या.